‘आधी सिरप, मग आईला फोन’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाळणाघरात मुलाला जिवावर बेतणारी ॲलर्जी उठली तर काय करावं, या लेखावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पाळणाघरातल्या ताई काही नर्स नव्हेत, त्यांच्या हाती ॲड्रेनालिनचं पेन (ठरलेला डोस भरलेलं, मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन) देणं धोक्याचं. त्यांनी ॲलर्जीचं सिरप पाजावं, आईला फोन लावावा, ती सांगेल तसं करावं. औषधं कुलपात ठेवावीत. आणि ‘शेंगदाणाबंदी’चा फलक लावला की निम्मं काम झालं.

सिरपचं आधी पाहू. त्याने खाज आणि गांधी कमी होतात, तेही अर्ध्या तासाने वगैरे. सुजत चाललेला घसा ते मोकळा करत नाही, घसरलेला रक्तदाब सावरत नाही. ॲड्रेनालिन हे काही मिनिटांत करतं. शिवाय ओकाऱ्या काढणाऱ्या मुलाच्या तोंडात सिरप ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आईने फोन उचलला तरी मूल तिच्या डोळ्यांसमोर नसतं. म्हणून परवानगी, वजन, डोस आणि कोणती लक्षणं दिसली की पेन द्यायचं, हे डॉक्टरांच्या सहीने प्रवेशाच्याच दिवशी लिहून घ्यायचं. ऐनवेळी क्रम एकच: पेन, रुग्णवाहिका, मग आईवडील.

खरी अडचण ओळखण्यात आहे. दीड वर्षाचं मूल ‘घसा आवळतोय’ म्हणत नाही. ते जीभ खाजवतं, लाळ गाळतं, रडण्याचा आवाज एकदम घोगरा होतो, खोकला थांबत नाही. किंवा नुसतंच पांढरं पडून अंग टाकतं आणि ताईंना वाटतं, झोप आली. गांधी उठतीलच असं नाही. गांधी आणि सोबत वारंवार उलट्या, एवढंही पेन द्यायला पुरेसं आहे. गरज नसताना दिलं गेलं, तर छाती धडधडते, हात थरथरतात, थोड्या वेळाने शांत होतं. उशिराची किंमत याहून फार मोठी.

चुका होतात त्या वेगळ्याच. पेन उलटं धरलं की सुई मुलाऐवजी स्वतःच्या अंगठ्यात घुसते. मुलाने लाथ झाडली तर सुई वाकते, मांडी फाटते. म्हणून पाय आधी घट्ट धरायचा. जागा मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला. कपड्यावरून चालतं, पण शिवण आणि भरलेला खिसा टाळून. किती सेकंद दाबून धरायचं हे पेनागणिक ३ ते १० असं बदलतं, तेव्हा आपल्याच पेनाच्या बिनसुईच्या नमुन्यावर सराव हवा. नंतर मुलाला खांद्यावर घेऊन धावायचं नाही! आडवं ठेवायचं, धाप असेल तर पाय पसरून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. ५ ते १५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन, म्हणून दोन ठेवायची. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

डोसाच्या मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर. लेखात नुसतं ‘लहानांसाठी ०.१५ मिलिग्रॅम’ लिहिलं होतं, ते अपुरं आहे. हिशेब किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा, म्हणजे ०.१५चं पेन नेमकं १५ किलोला बसतं. १० किलोच्या मुलाला दीडपट होतं. तरीही बरेच डॉक्टर तेच देतात, कारण घाईत कुपीतून औषध ओढताना दसपट चूक होऊ शकते. काही ठिकाणी ०.१चं पेन मिळतं. निर्णय डॉक्टरांचा, लेखात दुरुस्ती केली आहे.

फलकाबद्दल एवढंच की या वयात दूध आणि अंडं हीही नेहमीची कारणं आहेत. आणि सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून जात नाही, साबण-पाणीच लागतं.

कुलूप मात्र नकोच. किल्ली ज्यांच्याकडे, त्या नेमक्या बाहेर गेलेल्या असतात. मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, उघड्या खणात, २० ते २५ अंश तापमानात ठेवा. फ्रिजमध्ये नाही, उन्हाच्या खिडकीतही नाही. महिन्यातून एकदा मुदत आणि पेनाची काच बघा. आतलं औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर पेन बदला. मुलं बागेत निघाली की पेनंही पिशवीतून सोबत.