व्याह्यांचा रकाना

गेल्या मंगळवारी न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहानशा वंशावळी-ग्रंथालयात पांढऱ्या मिशांच्या एका स्वयंसेवकाने माझ्या अर्जातील ‘पूर्वजाशी नाते’ या रकान्यात स्वतःच्या हस्ताक्षरात ‘काही नाही’ असे लिहिले, आणि नाते काही नसल्यामुळे बाहेरचा माणूस म्हणून माझ्याकडून दहा डॉलर घेतले. दहा डॉलर गेल्याचे दुःख नाही, असे अशा वेळी म्हणण्याची पद्धत आहे. मला ते आहे.

मूळ प्रकरण जावयाचे. कॅनडाने नागरिकत्वाचा कायदा बदलला, १५ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला, आणि त्याआधी परदेशात जन्मलेल्यांनाही पणजोबा-खापरपणजोबांच्या नात्याने नागरिकत्व मागण्याची वाट मोकळी झाली. जावयाचे पणजोबा क्वेबेक या तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचे. त्यांच्या जन्माचा कागद हवा होता. जावयाला वेळ नव्हता, जावयाच्या वडिलांना हौस नव्हती, आणि “बाबा, तुम्ही नाहीतरी दिवसभर घरीच असता,” असे माझी मुलगी म्हणाली. निवृत्त माणसाला याला उत्तर नसते.

जावयाचे आडनाव ग्रीनवुड. चार महिन्यांपूर्वी मी क्वेबेकच्या चर्चच्या नोंदवह्यांत ग्रीनवुड शोधायला बसलो तेव्हा तिकडे ग्रीनवुड नावाचे कोणी नसते, हे मला ठाऊक नव्हते. तिकडे असतात ते ब्वावेर. ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान आणि वेर म्हणजे हिरवे. सीमा ओलांडून अमेरिकेतल्या गिरणीच्या हजेरीपटावर चढताना ब्वावेर यांचे ग्रीनवुड झाले, जसे रॉय यांचे किंग झाले आणि लब्लां यांचे व्हाइट. आपल्याकडचा एखादा हिरवे मुंबईत येऊन ग्रीन झाला असता तर भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकले असते; येथे सगळी वाडीच ग्रीन झाली. त्यात पुन्हा जुन्या क्वेबेकमध्ये एकेका घराण्याला आपल्या ‘उर्फ’सारखी दुसरी आडनावे असत, आणि एक भाऊ पहिले तर दुसरा दुसरे लावी. अमेरिकेने सीमेवरील नोंदींची सूची आडनावाच्या उच्चाराप्रमाणे आकडे देऊन लावली आहे; त्या साउंडेक्स पद्धतीत ग्रीनवुड जी-६५३ मध्ये राहतात आणि ब्वावेर, फ्रेंच स्पेलिंगमुळे, बी-२१६ मध्ये. एकाच माणसाची ही दोन घरे जन्मात एकमेकांना भेटत नाहीत.

दोन्ही सरकारांचा कारभारही सासू-सुनेसारखा आहे. अमेरिकेने कॅनडातून येणाऱ्यांची नोंद १८९५ मध्ये सुरू केली आणि थेट पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या सीमेचे कागद व्हरमाँटमधल्या सेंट ऑल्बन्स या गावी गोळा केले. कॅनडाने आपल्या बाजूची नोंद १९०८ मध्ये सुरू केली, पण तिकडचाच माणूस घरी परतला तर त्याची नोंद करण्याचे कारण नव्हते. म्हणजे जावयाचे पणजोबा किती वेळा रुसून परत गेले, हे कोणालाही कळणार नाही. अमेरिका जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी उघडते, कॅनडा ९२ वर्षांनी. १८९० ची अमेरिकन जनगणना १९२१ च्या आगीत होरपळली आणि उरलेले कागद पुढे नष्ट करण्यात आले. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढल्यामुळे कागद न सापडण्याचे मला नवल नाही. परंतु तेव्हा मी खिडकीच्या आतल्या बाजूला असे.

अशा स्थितीत मला १९०९ चे एक कार्ड सापडले. पणजोबा सीमेवर उतरले, जन्म क्वेबेक, वय तेवीस, जाणार न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टरला, म्हणजे अमोस्केगच्या कापडगिरण्यांत. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून सुमारे नऊ लाख माणसे अशी दक्षिणेला आली. सीमेवरचा कारकून प्रत्येकाला विचारी की कोणाकडे उतरणार. कार्डावर उत्तर होते ‘ब्रदर-इन-लॉ’, आणि पुढच्या नावावर फिल्मचा काळा ओरखडा. मला ते वाचून गहिवरून आले. माझे चुलत आजोबा रत्नागिरीहून परळच्या गिरणीत लागले, तेही मेहुण्याच्याच खोलीत पथारी टाकून. पण गहिवर ओसरल्यावर प्रश्न पडला, की हा ब्रदर-इन-लॉ म्हणजे नेमका कोण? बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, की साडू? प्रश्न हौसेचा नव्हता. एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या गावांत एकाच नावाचे दोन ब्वावेर जन्मले होते (तिकडे बहुतेक प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी असे, त्यामुळे नावाचा उपयोग शून्य). हा ब्रदर-इन-लॉ कोण ते कळले असते, तर पणजोबांचे गाव कळले असते. म्हणून मी मंगळवारी त्या मिशांपुढे जाऊन बसलो.

“कार्डावर लिहिले आहे की ब्रदर-इन-लॉ,” मिशा म्हणाल्या.

“ते मी वाचले. पण कोणत्या बाजूचा?”

“कायद्याच्या बाजूचा. म्हणून तर ‘इन लॉ’.”

मी कागद घेऊन चित्र काढले. हे पणजोबा, ही त्यांची बायको, हा बायकोचा भाऊ. ही पणजोबांची बहीण, हा तिचा नवरा. ही बायकोची बहीण आणि हा तिचा नवरा, ज्याला आम्ही साडू म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र लांब धरून पाहिले आणि तिन्ही पुरुषांवर बोट ठेवत शांतपणे म्हटले, “ब्रदर-इन-लॉ. ब्रदर-इन-लॉ. ब्रदर-इन-लॉ.”

“फ्रेंचमध्ये तरी वेगळे शब्द असतील,” मी म्हणालो.

त्यांची छाती फुगली. त्यांच्या आजीची भाषा फ्रेंच होती. “बो-फ्रेर,” ते म्हणाले. “देखणा भाऊ.”

“तिघेही?”

“तिघेही देखणे.” आणि सासरा म्हणजे ‘बो-पेर’, देखणा बाप, सावत्र बापही तोच. येथे मी पेन खाली ठेवले. सासऱ्याला आणि सावत्र बापाला एकच शब्द वापरणाऱ्या समाजाने तीनशे वर्षे चर्चच्या वह्या इतक्या काटेकोर कशा ठेवल्या, हे मला आजही उमगलेले नाही. ठेवल्या मात्र खऱ्या, आणि बाईचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही पुसले नाही, हा त्यांचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. आमच्या आजीचे माहेरचे नाव मला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतही मिळाले नव्हते. त्या उपाध्यायांनी मात्र फक्त “गाव कोणते?” एवढेच विचारले होते आणि पाच मिनिटांत माझ्या आजोबांची सही पुढे ठेवली होती. तुम्ही कोणाचे कोण, हे त्यांनी मला विचारले नाही. ते त्यांनीच मला सांगितले.

मिशांचा मोर्चा एवढ्यात माझ्या अर्जाकडे वळला. “तुम्ही या ग्रीनवुडचे कोण?”

“ग्रीनवुडच्या नातवाचा मी व्याही. म्हणजे त्या नातवाच्या मुलाला माझी मुलगी दिली आहे.”

“दिली आहे?” त्यांनी भुवई उचलली. मी घाईने म्हणालो, की लग्न तिने स्वतःच केले, मी फक्त जेवण दिले.

“मग नातवाचे तुम्ही कोण?”

“व्याही.”

“ते इंग्रजीत सांगा.”

आणि येथे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, इंग्रजीत तीस वर्षे टिपणे लिहिलेला मी गप्प झालो. व्याह्याला इंग्रजीत शब्द नाही. ज्या माणसाच्या मानपानावरून आमच्याकडे जेवणाच्या पंगती उठल्या आहेत, ज्याच्या एका नारळावरून दोन घराणी दहा वर्षे बोलत नाहीत, त्याला त्या भाषेत मुळी जागाच नाही. मी म्हणालो, “मुलाच्या सासऱ्याचे मुलाच्या वडिलांशी जे नाते असते ते.”

“काय असते?”

“तेच मी सांगतो आहे.”

ते थोडा वेळ विचार करीत राहिले. न्यायाधीश निकालापूर्वी करतात तसा. मग म्हणाले, “शब्द नाही, म्हणजे नाते नाही,” आणि लिहिले: काही नाही. शिक्का मारला. शेजारच्या टेबलावरची एक बाई कौतुकाने मान डोलावत होती; ती तिच्या नवऱ्याच्या काकूच्या आजोबांचा शोध घेत होती आणि तिच्या रकान्यात ‘कुटुंबीय’ लिहिले होते. तिला पैसे पडले नाहीत.

मला राग नेमका याचा आहे. चार महिने त्या माणसाच्या मागे माझे डोळे गेले. त्याचे वय, उंची, खिशातले पैसे मला पाठ आहेत. त्याच्या स्वतःच्या नातवाला, म्हणजे माझ्या व्याह्यांना, त्याचे नाव विचारले तर ते बेसबॉलकडे बघत “जो असावा” म्हणतात. त्यांना तेथे फुकट प्रवेश आहे.

निघताना मिशांनी दिलासा दिला, की पुढच्या खेपेला नात्याचा लेखी पुरावा आणल्यास फेरविचार होईल. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी कपाटातून लग्नपत्रिका काढून दिली. “अहो, यात दोन्ही घरांची नावे आहेत की,” त्या म्हणाल्या. नावे आहेत, श्रीकृपेकरून आहे, गणपती आहे. पुण्याच्या छापखान्याने जावयाचे आडनाव ‘ग्रीनहूड’ छापले आहे. मी ते रोमन लिपीत लिहून आकडे काढून पाहिले. तेही जी-६५३ मध्येच येते.