कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व भरून निघत नाही

‘सूर्योदयानंतर १५ मिनिटं कोवळं ऊन अंगावर घ्या, बंद काचेतून आलं तरी चालेल. नंतर दोन तास आंघोळ करू नका, तयार झालेलं ड जीवनसत्त्व धुऊन जाईल. जोडीला दूध प्या. गोळ्या जास्त झाल्या तरी लघवीवाटे निघून जातात.’ हा संदेश इतका फिरलाय की पुष्कळांनी दिनक्रमच त्यावर बसवलाय. त्यातलं एकेक विधान तपासू.

आधी कोवळं ऊन. त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील-बी किरण पडले, तरच ड३ (ड जीवनसत्त्वाचं त्वचेत बनणारं रूप) बनायला सुरुवात होते. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि ओझोन नेमके हेच किरण गिळतो. ऊब जाणवते ती अवरक्त किरणांची; तिचा इथे उपयोग नाही. घड्याळापेक्षा सावली पाहा: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण पुरेसे आहेत. विषुववृत्तापासून फार दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात भर दुपारीही सावली एवढी आखडत नाही.

अशा उन्हात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य हेच किरण अडवतं, म्हणून तिला जास्त वेळ लागतो. त्वचा लाल होण्याआधी सावलीत या. त्यापुढे नवं बनलेलं द्रव्य उन्हानेच निरुपयोगी रूपांत बदलत राहतं, म्हणजे भाजून घेऊन हाती काही लागत नाही.

काच? खिडकीची साधी काच अतिनील-बी जवळजवळ पूर्ण अडवते. तिथे तासभर बसूनही फायदा नाही.

आंघोळीची भीती निराधार आहे. ही क्रिया त्वचेच्या जिवंत थरांत घडते आणि ड३ तिथूनच रक्तात जातं. साबण तिथवर पोहोचत नाही.

दुधात कॅल्शियम भरपूर, पण ड जीवनसत्त्व वरून मिसळलं नसेल तर नगण्य. ते मुख्यतः तेलकट माशांत असतं. अंड्याच्या एका बलकात जेमतेम ४० युनिट मिळतात, आणि प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट धरली जाते, सत्तरीनंतर ८००. उलट ड नसेल तर दुधातलं कॅल्शियमही वाया जातं: एरवी आतडं ३० ते ४० टक्के शोषतं, ते १० ते १५ टक्क्यांवर येतं.

सगळ्यात घातक विधान शेवटचं आहे. ड जीवनसत्त्व मेदात विरघळतं, शरीरात साठतं; ब आणि क सारखं लघवीतून सहज निघून जात नाही. आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची मात्रा कुणी महिनोन्‌महिने रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुन्हा पुन्हा लघवी ही त्याची लक्षणं. पुढे मूत्रपिंडावर घाला येतो. वैद्यकीय देखरेखीविना प्रौढाने रोज ४,००० युनिटपलीकडे जाऊ नये. गोळी तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावी, चांगली शोषली जाते.

तपासणी करताना ‘२५-हायड्रॉक्सी’ हीच मागा. हे यकृतात बनणारं साठ्याचं रूप आहे. मूत्रपिंडात बनणारं ‘१,२५’ हे सक्रिय रूप कमतरतेतही सामान्य दिसू शकतं आणि रुग्णाला खोटा दिलासा देतं. ‘२५-हायड्रॉक्सी’ रक्ताच्या मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमखाली असेल तर स्पष्ट कमतरता, २० किंवा अधिक बहुतेकांना पुरेसं. उपचार सुरू केल्यावर पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने लागतात, त्याआधीची फेरतपासणी फसवी ठरते.