आठ बाय दहाचा चेहरा

आमच्या कन्येने अमेरिकेतील विद्यापीठांच्या नाट्यविभागांकडे अर्ज करण्याचे ठरवले, तेव्हा आम्हा नवराबायकोला काळजी होती ती तिथल्या शुल्काची आणि त्याच सुमारास येणाऱ्या बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेची. घर वेठीला धरले ते मात्र दोन कागदांनी. एकावर तिचा चेहरा छापायचा, त्याला हेडशॉट म्हणतात. दुसऱ्यावर तिने आजवर केलेल्या भूमिका मांडायच्या, त्याला रेझ्युमे म्हणतात. मग दोन्ही कागद पाठीला पाठ लावून स्टेपल करायचे. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथे जानेवारी-फेब्रुवारीत अनेक विद्यापीठांचे परीक्षक एकाच ठिकाणी जमतात आणि दिवसभर मुलामुलींची स्वगते ऐकतात. संध्याकाळी डोके बधिर झाल्यावर त्यातली कोणती मुलगी कोणती, हे त्यांना आठवावे म्हणून ही तजवीज असते. शिकागोत मामा राहतो, म्हणून आम्ही शिकागो निवडले.

हेडशॉटचे माप आठ बाय दहा इंच आणि त्याचा नियम एकच: फोटोतली मुलगी आणि दार उघडून आत येणारी मुलगी एकच वाटली पाहिजे. नियम वाचायला सोपा आहे; मात्र मुंबईतला फोटोचा सगळा धंदा नेमका याच्या उलट तत्त्वावर उभा आहे. दादरला ज्या स्टुडिओत आम्ही प्रथम गेलो, तेथील मालकांनी मान वर न करता विचारले, "मॅट्रिमोनी की पासपोर्ट?" माणसाच्या चेहऱ्याला तिसरे काही प्रयोजन असू शकते, हे त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांनी कन्येला हनुवटीखाली हात घेऊन खिडकीकडे पाहायला सांगितले. आम्हाला सरळ भिंगात रोखलेली नजर हवी आहे, असे सांगितल्यावर "मग पासपोर्टच म्हणा ना," असा त्यांनी निकाल दिला.

खरा तंटा झाला तो फोटो संगणकावर चढल्यावर. कन्येच्या हनुवटीवर तीळ आहे आणि भुवईत लहानपणी जिन्यावरून पडल्याची खूण आहे. मालकांनी सवयीने दोन्ही पुसले आणि वर "थोडं ब्राइट करतो" म्हणत तिला तिच्या मावशीहून चार छटांनी उजळ केले. या कामातला सर्वमान्य संकेत असा की, आज आहे आणि आठवड्याने नसेल ती पुटकुळी खुशाल काढावी, जन्मभर राहणारी खूण मात्र ठेवावी. हे ऐकून मालक मनापासून दुखावले. "तिळाचे मी पैसे लावत नाही, साहेब," ते म्हणाले. तीळ परत आणण्याचे पैसे लावतात की काय, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. शिवाय कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन असल्यामुळे आठ बाय बारा सरळ निघतो आणि आठ बाय दहासाठी दोन इंचांवर पाणी सोडावे लागते. ते वरून सोडायचे की खालून, म्हणजे अंबाडा गमवायचा की गळा, यावर काउंटरवर आमची कौटुंबिक बैठक भरली. वर्सोव्याच्या एका छायाचित्रकाराकडेही चौकशी केली. त्याने पाच वेशांचा पोर्टफोलिओ आणि ओल्या केसांचा एक फोटो असा संच सुचवल्यावर आम्ही अंधेरी स्टेशनची रिक्षा धरली.

शेवटी फोटो निघाला तो आमच्याच मजल्यावरच्या गॅलरीत, सकाळच्या उन्हात, मावसभावाच्या कॅमेऱ्यातून. शेजारच्या काकूंची दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर प्रकाश परतवण्याच्या कामी आली आणि ती योग्य कोनात धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले. एकरंगी कुडता, केस चेहऱ्यावरून मागे, अंगावर दागिना नाही, अशी कन्या बसलेली पाहून माझी आई आतून बाहेर आली. "कानात काही नाही, गळ्यात काही नाही, कपाळाला टिकली नाही. बघणाऱ्याला वाटेल, घरात सुतक आहे." नजर जिवंत हवी, पण हसू दंतमंजनाच्या जाहिरातीतले नको, या अटीपायी मावसभाऊ विनोद सांगत राहिला आणि कन्या त्याच्याकडे करुणेने पाहत राहिली. त्यातलीच एक करुणा अखेर निवडली गेली. गंमत अशी की व्हिसासाठी जो दोन बाय दोन इंचांचा फोटो लागतो, ज्यात चष्मा चालत नाही, मागची भिंत पांढरी लागते आणि चेहऱ्यावर भाव दिसता कामा नये, तो कोपऱ्यावरच्या दुकानात चहा निवण्याच्या आत निघाला. तो पाहून घरातले सगळे एकमुखाने म्हणाले, "अगदी आपली पोर!"

रेझ्युमे एका पानाचा असतो, त्यातही ते पान फोटोच्या मापाचे. वर नाव, त्याखाली उंची, केसांचा रंग आणि डोळ्यांचा रंग. एवढे वाचून आईला एकदम ओळख पटली. "गोत्र तेवढं राहिलं," ती म्हणाली. आवाजाच्या पट्टीचाही रकाना असतो. कन्या गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा झाली आहे आणि काळी चारमध्ये गाते, पण हा तपशील शिकागोच्या पियानोवाल्याला कसा कळवावा, यावर तिच्या गाण्याच्या बाईंनी रविवारची दुपार खर्ची घातली. त्याखाली तीन उभे रकाने: नाटक, भूमिका आणि दिग्दर्शक किंवा संस्था. सोसायटीच्या गणेशोत्सवात ती वडाचे झाड झाली होती. त्याचे दिग्दर्शन तेव्हाच्या सेक्रेटरींनी केले होते आणि आपले नाव अमेरिकेला जाणार हे कळल्यापासून ते जिन्यात मला थांबवून स्पेलिंग तपासू लागले. महाविद्यालयाच्या एकांकिकांचे मात्र खरे दुखणे होते. पहिले वर्ष तिने रात्री उशिरापर्यंत लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलण्यात आणि संगीताचे क्यू देण्यात घालवले. माझ्या मते रंगभूमीची खरी ओळख तिथेच होते, पण भूमिकेच्या रकान्यात ती ओळख बसत नाही. उरलेली जागा आम्ही दहावीची टक्केवारी आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची श्रेणी यांनी भरली, ती कन्येने शांतपणे खोडली.

छपाईला ए फोर कागदच मिळतो. तो 210 बाय 297 मिलिमीटर आणि फोटो 203 बाय 254, त्यामुळे मजकूर आधीच आखडून बाकीची पट्टी कापावी लागते. झेरॉक्सवाल्याने ते काम सुबक केले, पण आपल्या हातून एवढा महत्त्वाचा कागद उघडावाघडा बाहेर जावा, हे त्याला पाहवेना. "लॅमिनेशन करून देतो ना. पावसात भिजलं तरी काही होणार नाही." जानेवारीत शिकागोला पाऊस नव्हे, बर्फ पडतो, असे सांगितल्यावर त्याचा आग्रह दुप्पट झाला.

सर्वांत तळाला विशेष कौशल्ये लिहायची असतात आणि जे लिहिले ते परीक्षक तिथल्या तिथे करून दाखवायला सांगू शकतात. म्हणून मल्लखांब गेला, कारण खांब कोण नेणार? लोकलमधली पुढच्या स्टेशनची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत हुबेहूब करणे, हे राहिले. लेझीमही राहिली. परिणामी सध्या एक अस्सल लोखंडी साखळीची लेझीम बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसली आहे, वजनाचा काटा मर्यादेच्या पलीकडे गेला आहे आणि मामासाठी आईने केलेले मेतकूट व भाजणी बाहेर काढावी की नाही, यावर आमच्या घरात अजून वाटाघाटी चालू आहेत.