खुलासा: कमळाच्या बीला फ्रीज लागत नाही
‘कमळाचं बी महिनाभर फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय रुजत नाही’ असा मेसेज रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतोय. साफ चूक. बी अडतं ते कवचामुळे. कवच इतकं घट्ट, की चीनमध्ये सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बीसुद्धा रुजलं! एका टोकाला कानशीने घासा, आतला पांढुरका भाग दिसला की थांबा. मग २५-३० अंशांचं पाणी, रोज बदलून. आठवडाभरात कोंब दिसतो. आपल्याकडे पाणी कोमट करायचीही गरज नाही. पूजेच्या दुकानातले कमळगट्टे चालतील, माळेतले भोक पाडलेले मात्र नकोत. थंडीची काळजी बर्फ पडणाऱ्या देशांतली, आणि तीही कंदाची: तो गोठू नये म्हणून तिथे हिवाळ्यात कुंडी बर्फाच्या थराखाली, खोल पाण्यात ठेवतात.