मागच्या काचेला ब्लेड लावू देऊ नका

यंदाच्या मार्चमध्ये पुण्याहून एक नऊ वर्षे वापरलेली हॅचबॅक घेऊन कुडाळला आणली. इंजिन आणि टायर नीट पाहून घेतले होते, परंतु काचांवरच्या फिल्मकडे मी लक्षच दिले नव्हते. ती जांभळी पडली होती आणि मागच्या काचेवर तिला वाटाण्याएवढे फुगे आले होते. दिवसा हे केवळ कुरूप दिसे. रात्री गाडी मागे घेताना मात्र आमच्या पाणंदीतला चिऱ्याचा गडगा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, ते कळत नसे.

फिल्म बदलायला दुकानात गेलो, तर तिथे पहिला प्रश्न नव्या फिल्मच्या शेडचा. जुनी कशी काढणार, असे मी विचारल्यावर उत्तर आले, "ब्लेड मारतंय, धा मिनटांत साफ करून देतंय." मी गाडी वळवून घरी आणली. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण नव्या फिल्मच्या दरावर तासभर घासाघीस करतो, पण गाडीचे खरे नुकसान होते ते जुनी फिल्म काढताना, आणि त्याची चौकशी कोणीच करत नाही.

मागच्या काचेवर ज्या बारीक तपकिरी आडव्या रेघा दिसतात, त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचे बाष्प घालवणाऱ्या विजेच्या रेघा. त्या काचेच्या आतल्या बाजूला असतात आणि फिल्म थेट त्यांच्यावर चिकटवलेली असते. ब्लेडचे टोक एका रेघेला जरी आडवे लागले, तरी तिचा वीजप्रवाह तुटतो आणि ती रेघ तापत नाही. जून ते सप्टेंबर काचा बंद ठेवून, ओल्या कपड्यांची माणसे बसवून गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या रेघांचे मोल कोणत्याही फिल्मपेक्षा जास्त आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात, कडक उन्हात, मी आणि मेहुण्याने हे काम घरीच केले. सीटवर आणि मागच्या ट्रेवर जुने टॉवेल पसरले. दरवाजातल्या काचांच्या बटणांवरही टॉवेल ठेवला, कारण तिथे पाणी उतरले की दुसराच खर्च निघतो. आतून साबणाचे पाणी फवारले, बाहेरून काळे प्लास्टिक अंथरून काच तासभर तापू दिली आणि मग कपड्यांच्या स्टीमरची वाफ देत एका कोपऱ्यातून फिल्म सोडवायला घेतली. घाई केली की वरचा थर सुटून येतो आणि खालचा गोंदासकट काचेला धरून राहतो. आमचे पहिल्या वीतभर भागात तेच झाले. नंतर वाफ पुढे आणि हात मागे, असे इंचाइंचाने गेल्यावर मोठा तुकडा अखंड निघाला. राहिलेला गोंद पुन्हा पुन्हा भिजवून नखाने आणि मऊ फडक्याने, रेघांच्या दिशेनेच पुसून काढला. एका काचेला तीन तास लागले. अमोनियाचा उपाय बरेच जण सुचवतात आणि तो लागूही पडतो, पण बंद गाडीत ती वाफ नाकाडोळ्यांना सोसत नाही.

नव्या फिल्मबाबतही एक गैरसमज आहे, की काच जितकी काळी तितकी गाडी गार. सूर्याच्या उष्णतेचा सुमारे निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येतो. रंग दिलेली स्वस्त फिल्म मुख्यतः उजेड अडवते, स्वतः तापते आणि काही वर्षांत उन्हाने तिचा रंग उडून ती जांभळी होते. सिरॅमिक फिल्म महाग पडते, परंतु जवळजवळ पारदर्शक राहूनही ती ही उष्णता बरीच रोखते.

कायद्याचेही पाहावे लागते. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वरून फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पुढे नियमात बदल झाला आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असे म्हटले, तरी नाक्यावर पोलिसाशी हा वाद घालायची माझी हौस नाही. शिवाय हे टक्के काच आणि फिल्म यांचे मिळून मोजायचे असतात. समजा, मुळातल्या काचेतून ७५ टक्के उजेड येत असेल आणि तिच्यावर ७० टक्के उजेड आत सोडणारी फिल्म लावली, तर हाती उरतात साडेबावन्न.

म्हणून मी बाजूच्या काचांना फिकट सिरॅमिक फिल्म लावून घेतली, तीही मेमध्येच, कारण दमट हवेत फिल्मखालचे पाणी सुकायला फार वेळ लागतो. चार दिवस काचा खाली केल्या नाहीत. मागची काच कोरीच ठेवली.

तिची एक गोष्ट मात्र पहिल्या पावसात कळली. डिफॉगर लावल्यावर काच पट्ट्यापट्ट्यांनी स्वच्छ होत गेली, पण मधले दोन पट्टे धुरकट राहिले. टॉर्च धरून पाहिले, तर दोन्ही रेघांवर एकाच सरळ ओळीत केसाएवढी चीर होती. आमच्या आधी कुणीतरी तिथे ब्लेड फिरवले होते. अशा चिरा जोडणारा चांदीयुक्त रंग मिळतो, तो मागवला आहे. तोवर गडगा वरच्या पट्ट्यांतून पाहतो.