बी.एड. झालेल्याला मार्गदर्शक कशाला? हा घ्या हिशेब

शाळा उघडल्या की मुंबईतल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: शिक्षक जन्मावाच लागतो, पूर्वीचे गुरुजी प्रशिक्षणाशिवाय घडले. बी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेल्या नव्या शिक्षकांना पुन्हा मार्गदर्शन कशाला? त्यात मुलांचे तास मात्र बुडतात.

आधी पूर्वीच्यांबद्दल. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार या मिशनरी बाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं. अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांकडे आल्या, तेव्हा शिकवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरीही बालशिक्षण त्या शिकल्या ते ताराबाईंच्या हाताखाली, रोजच्या कामातून. आणि ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून तयार झालेल्या. ‘जन्मजात शिक्षक’ म्हणून ज्यांची नावं घ्यावीत, त्यांनाही कुणीतरी शिकवलं होतं.

आता बी.एड. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, त्यात किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. चांगलंच आहे. पण सराव पाठाचा वर्ग दुसऱ्याचा असतो. वर्गशिक्षिका जवळपास असते, तास संपला की आपण मोकळे. जूनमध्ये हजेरीपट हातात येतो आणि वर्ग आपला होतो. गोवंडीतल्या एखाद्या पहिलीत घरी मराठी न बोलणारी मुलं कितीतरी असतात. त्यांचं वाचन कुठून सुरू करायचं? एक मूल रडत दाराशी उभं असताना बाकीच्या तीसजणांना काय काम द्यायचं? पालकसभेत चिडलेल्या वडिलांशी कसं बोलायचं? टीईटीचे दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवून हे हातात येत नाही.

तास बुडतात, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. सभागृहात शंभर-दोनशे शिक्षकांना बसवून दिवसभर स्लाइड दाखवल्या, तर वर्ग रिकामा राहतो आणि पदरात फारसं पडत नाही. पण मार्गदर्शन म्हणजे ते नव्हे. त्याच शाळेतली अनुभवी बाई एक तास मागच्या बाकावर बसते आणि नंतर एवढंच सांगते, “प्रश्न विचारलास की थांबत नाहीस गं, उत्तर तूच देऊन टाकतेस. या आठवड्यात फक्त थांबून बघ.” यात मुलांचा एकही तास जात नाही.

मुंबईत खरी अडचण वेळेची आहे. अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळचं सत्र सुटतं तेव्हा दुपारची मुलं जिन्यात उभी असतात आणि बाईंना लोकल गाठायची असते. बोलणार कधी? म्हणून ही भेट वेळापत्रकातच हवी. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षं मार्गदर्शक मिळतो, शिवाय पहिल्या वर्षी तासिका १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी असतात. आपल्याकडे नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो, मानधनावर. त्यात पूर्ण तासिका, वर निवडणुकीची कामं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. त्यातले निदान निम्मे तास नव्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात धरावेत आणि मार्गदर्शक बाईंचेही तेवढे तास कामात मोजावेत. शिवाय गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यांवर हे काम सोपवू नये. ज्यांच्या हाती आपला शेरा आहे, त्यांच्यापुढे “मला वर्ग आवरत नाही” असं कोणतीही नवी शिक्षिका म्हणणार नाही.