सुरळीत चाललेल्या लॅपटॉपवर खात्रीशीर इलाज

लॅपटॉप उघडला, काम केलं, बंद केला. महिनोन्‌महिने तुमचं हे असंच चाललं असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची वेळ झाली आहे. विंडोज घ्यावं की लिनक्स, यावर डोकं शिणवू नका. मनस्ताप दोन्हीकडे मुबलक आहे, वाढायची पद्धत तेवढी वेगळी. विंडोजमध्ये काय बिघडलं ते कुणी सांगत नाही. लिनक्समध्ये ते चाळीस ओळींत सांगतात आणि वर तुम्हालाच विचारतात, की आता काय करायचं?

आधी विंडोज. तुमच्याकडे इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, रॅम ८ जीबी आहे, मध्यंतरी एसएसडीही टाकून घेतलीत आणि मशीन कसं पळतंय! पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मशीन ठणठणीत आहे हे तुमचं मत झालं. तेव्हा लॅमिंग्टन रोड गाठा आणि नवीन घ्या.

नवीन लॅपटॉप पहिल्याच दिवशी इंटरनेट मागेल आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल. हे काम घरातल्या भाच्याकडे सोपवा. तो स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होईल. हार्ड डिस्क परस्पर एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होईल आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की भाच्याच्या खात्यात जाऊन बसेल. ही की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवली, तर पुढची सगळी मजा जाते. म्हणून उतरवू नका. सी ड्राइव्हमधले डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डरही एव्हाना वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात गेलेले असतील. तिथे फुकट जागा ५ जीबी. गणपतीचे व्हिडिओ डेस्कटॉपवर टाकलेत की जागा भरल्याची तंबी सुरू. डेस्कटॉप भाड्याने कधी घेतला होता, असा प्रश्न पडेल. तो गिळा.

आता लिनक्स. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू हे रूप चढवा आणि इन्स्टॉल करा. फुकट आहे, देखणं आहे, जुन्या मशीनवरही चालतं. फक्त काही लॅपटॉपांत वायफायची चिप ब्रॉडकॉमची निघते. तिला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून उतरवायचा असतो आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय चालत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं, तर दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. म्हणून ते सगळ्यात शेवटी करायचं. आधी चार जाणकारांना विचारा. पहिला म्हणेल, लॅपटॉपच चुकीचा घेतलास. दुसरा म्हणेल, उबुंटू काढ, फेडोरा टाक. तिसरा आर्चवाला, म्हणजे लिनक्सच्या आर्च या किचकट रूपाचा भक्त असेल, हे तो स्वतःच सांगेल. चौथा टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायला एक ओळ पाठवेल. तिची सुरुवात सुडोने, म्हणजे मशीनचे सर्वाधिकार देणाऱ्या शब्दाने, होत असेल, तर न वाचता एंटर दाबा.

आणि प्रिंटर! सोसायटीच्या ऑफिसात, सीएकडे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, जिथे जाल तिथे कॅननचा तो एलबीपी २९०० दिसेल. टोनर रिफिल करत करत तो जन्मभर चालतो. पण त्याला कॅननची स्वतःची कॅप्ट नावाची भाषा तेवढी कळते. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर काढला होता, पण त्याला ३२ बिटच्या लायब्ऱ्या लागतात आणि मागे एक सर्व्हिस सतत चालू ठेवावी लागते. ती रिस्टार्टनंतर उठेलच असं नाही. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर त्याची तऱ्हा निराळी. त्याला प्रत्येक वेळी चालू केल्यावर फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्याने भरवावं लागतं. ते काम करणारं प्लगइन एकदा टाकलं की बिचारा निमूट छापतो, तेव्हा प्लगइनचं नावही काढू नका.

छापायला मजकूर मात्र मराठी घ्या. वार्षिक सभेची नोटीस वर्डमध्ये, मंगल फॉन्टमध्ये, बरोबर एका पानात बसवा आणि लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडा. मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर एकटा ‘सचिव’ उभा राहतो. पीडीएफ करून पाठवली तर असं होत नाही. पण पीडीएफमध्ये आयत्या वेळी ठराव कसा घुसडणार?

खऱ्या रसिकाने दोन्ही एकाच डिस्कवर घ्यावं. ड्युअल बूटसाठी कुणीतरी सिक्युअर बूट हे मशीन सुरू होतानाचं सुरक्षाकवच बंद करायला सांगतं. ते केलंत की विंडोज तीच ४८ आकडी की मागतं आणि भाचा नेमका बोगद्यातल्या लोकलमध्ये असतो. ती मिळाली, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू ठेवा. त्यात विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह वाचता येतो, लिहिता येत नाही. पुढे घड्याळ. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. फरक साडेपाच तासांचा. सकाळी ९ ला विंडोज उघडाल तर पहाटेचे साडेतीन वाजलेले दिसतील. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावणारी एका ओळीची कमांड आहे, पण मग उशिराच्या मीटिंगला सबब काय सांगणार? यातूनही सगळं सुरळीत झालं, तर अपडेटची वाट पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने कित्येकांचं लिनक्स बूट होणंच बंद पाडलं होतं, म्हणजे उमेद ठेवायला जागा आहे.

बाकी झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप झोपला असेल, यावर दोन्ही पक्षांत विश्वास ठेवू नये. चर्चगेटला टाकलात तर बोरिवलीपर्यंत पाठ शेकून निघते. हिवाळ्यात उपयोगी.

एवढं सगळं साधल्यावर दुरुस्तीवाल्याकडे जा. तो स्क्रीनकडे न बघताच “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणेल आणि विचारेल, “डेटा सी ड्राइव्हमध्ये आहे का?” न घाबरता सांगा, “छे छे, सीमध्ये काहीच नाही. सगळं डेस्कटॉपवर आहे.”